हिटलरचं पुस्तक विकणाऱ्या मराठी प्रकाशकांना आणि विक्रेत्यांना खुलं पत्र

मराठी प्रकाशक, वितरक, पुस्तक प्रदर्शनं भरवणारे आणि फुटपाथवर पथारी टाकून पुस्तकं विकणारे, सगळ्यांना स.न.वि.वि.

थेट मुद्द्यावर येते. हिटलरचं 'माइन काम्फ' मराठीत विकू नका, त्यावर बंदी आणा वगैरे म्हणायला हे पत्र नाहीये. बंदीबिंदी मला पटत नाही, आणि बंदीने पुस्तकाचा खप कसा वाढतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. माझी तक्रार ते तुम्ही ज्या तऱ्हेने विकताय त्याबद्दल आहे. एका बाजूला श्रीमंत व्हायचे मंत्र, दुसऱ्या बाजूला पहाटे उठायचे फायदे आणि मधे हा मिशीवाला. मलपृष्ठावर साधा सैनिक ते सर्वसत्ताधीश असा 'प्रेरणादायी' प्रवास. मी चाळलेल्या प्रतींमध्ये तरी आत उघडलं की एकदम त्याचं बालपण सुरू होतं, हे कुठल्या तुरुंगात बसून लिहिलं, कोणाविरुद्ध लिहिलं, त्यातलं खोटं किती आणि त्याची किंमत कोणी मोजली याबद्दल अवाक्षर नाही.

एका प्रदर्शनात एक कॉलेजचा मुलगा हे पुस्तक उलटसुलट करून बघत होता तेव्हा स्टॉलवरचे काका त्याला म्हणाले, "घे रे, लीडरशिपसाठी बेस्ट आहे, ते ज्यूंचं वगैरे मधे मधे येतं ते सोडून द्यायचं." त्या काकांवर माझा राग नाही, सकाळपासून उभं राहून पाय दुखत असतात, गिऱ्हाईक तोडायचं नसतं. पण "ते सोडून द्यायचं" म्हणजे नक्की काय सोडायचं हो? ज्यूद्वेष वगळला तर त्या पुस्तकाला कणाच उरत नाही. उरतं ते पहिल्या महायुद्धातल्या पराभवाचं रडगाणं आणि प्रचार कसा करावा यावरची बडबड.

आणि हे बघा, खुद्द जर्मन लोकांनी काय केलं. या पुस्तकाचे हक्क बव्हेरिया राज्याकडे होते, त्यांनी 70 वर्षं ते जर्मनीत छापूच दिलं नाही. 2015 च्या अखेरीला हक्क संपले, आता कोणीही छापणार हे दिसत होतं, तेव्हा म्युनिकच्या एका इतिहास संशोधन संस्थेने जानेवारी 2016 मध्ये स्वतःच ते काढलं, दोन जाडजूड खंड, जवळजवळ 2000 पानं, आणि साधारण 3500 टिपा. म्हणजे हिटलर एक वाक्य लिहितो आणि त्याच पानावर इतिहासकार सांगतात की हे खोटं आहे, हे अमक्याकडून उचललंय, याचा परिणाम पुढे तमका झाला. मी तुमच्याकडे 3500 टिपा मागत नाहीये. मराठी प्रकाशनाचं अर्थकारण मला माहितीये. मी एक फॉर्म मागतेय, सोळा पानं, एक प्रस्तावना. त्यात काय असावं ते खाली लिहिते, आणि हे तुम्हालाच का लिहितेय तेही त्यात येईल, कारण या द्वेषाच्या गोष्टीत छापखाना जागोजागी येतो.

प्रस्तावनेची पहिली गोष्ट ही असायला हवी की हिटलरने नवीन काहीही शोधलेलं नाही. त्याच्या पुस्तकातलं ज्यूंबद्दलचं जवळपास प्रत्येक वाक्य त्याच्याआधी कोणीतरी बोललेलं, लिहिलेलं, विकलेलं होतं. द्वेष जुना, कारण मात्र दर काही शतकांनी नवीन, त्या त्या काळात जे कारण चारचौघांत शोभेल ते.

सुरुवातीला शोभायचा धर्म. येशूला यांनी मारलं, बस्स. येशू स्वतः ज्यू होता, त्याची आई ज्यू, शिष्य ज्यू, हे कोणाच्या गावी नव्हतं. 1096 मध्ये पहिल्या क्रुसेडला, म्हणजे जेरुसलेम जिंकायच्या धर्मयुद्धाला, निघालेल्या टोळ्यांनी जेरुसलेम लांब आहे, शत्रू तर इथेच आहेत असा हिशोब करून ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्त्समधले ज्यू कापून काढले. पण नुसता धर्मच होता असंही समजू नका. ज्यूंना जमिनी नाहीत, कारागिरांच्या संघांत प्रवेश नाही, आणि चर्चने ख्रिश्चनांना व्याज घ्यायला बंदी केलेली, मग सावकारी कोण करणार? राजाच त्यांना ते करायला लावायचा आणि त्यांच्याकडून भरपूर कर उकळायचा. 1190 मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात जमावाने दीडशेच्या आसपास ज्यूंना किल्ल्याच्या बुरुजात कोंडलं, बऱ्याच जणांनी आतच स्वतःच्या बायकामुलांना मारून जीव दिला. त्यानंतर तो जमाव कुठे गेला माहितीये का, तडक तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, जिथे कर्जाचे कागद ठेवलेले होते, आणि ते कागद त्यांनी तिथेच जाळले. पुढाऱ्यांमधले काही जण गळ्यापर्यंत कर्जात होते. देवासाठी चाललेल्या दंगलीत कर्जखतं कशाला जळायला हवीत हा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला तरी वेगळा समजावून सांगायला नको.

पुढे 1215 ला पोपच्या परिषदेने ठरवलं की ज्यूंनी कपड्यांवरून वेगळं ओळखू यावं, म्हणजे नाझींनी ज्यूंना छातीवर लावायला लावलेली ती खूणसुद्धा त्यांच्या डोक्यातून आलेली नाही. 1290 ला इंग्लंडने सगळ्या ज्यूंना हाकलून दिलं आणि साडेतीनशे वर्षं परत घेतलं नाही. 1348 ला प्लेग आला आणि विहिरींत ज्यूंनी विष टाकलं अशी आवई उठली. गंमत बघा, तेव्हाच्या पोपने, क्लेमेंट सहावा, लेखी फर्मान काढलं की अरे ज्यूसुद्धा प्लेगने मरतायत, आणि जिथे एकही ज्यू नाही तिथेही प्लेग आहे. ऐकतो कोण. स्ट्रासबर्गमध्ये 14 फेब्रुवारी 1349 ला शेकडो ज्यू जिवंत जाळले, तेव्हा तिथे प्लेग पोचलासुद्धा नव्हता. तिथेही कर्जं माफ झाली आणि ज्यूंकडची रोकड वाटून घेतली गेली.

आता तुमच्या धंद्याकडे येते. या द्वेषातली सगळ्यात ओंगळ थाप म्हणजे ज्यू लोक सणासाठी ख्रिश्चन मुलाला मारून त्याचं रक्त वापरतात. ही थाप इंग्लंडमध्ये नॉर्विचला 1144 मध्ये सापडलेल्या एका पोराच्या प्रेतावरून सुरू झाली, काही वर्षांनी एका साधूने त्यावर चमत्कारांनी भरलेलं पुस्तक लिहिलं, आणि ती युरोपभर फिरत राहिली. पण ती खऱ्या अर्थाने घराघरात गेली 1475 मध्ये. उत्तर इटलीतल्या ट्रेंटमध्ये ईस्टरच्या आठवड्यात सिमोन नावाचं दोन-अडीच वर्षांचं मूल हरवलं. सॅम्युएल नावाच्या ज्यूच्या घराखालच्या पाण्यात त्याचं प्रेत सापडलं, आणि त्या घरातल्या लोकांनी स्वतःहून जाऊन बिशपच्या माणसांना कळवलं. लपवायचं असतं तर कळवलं असतं का? पण नाही, सगळ्यांना पकडलं, दोरीला टांगून टांगून छळलं, हवं ते वदवून घेतलं आणि बऱ्याच पुरुषांना मारून टाकलं. रोमहून पोपने चौकशीला माणूस पाठवला, त्याने आरोप खोटे आहेत असा अहवाल दिला. इथे छापखाना आडवा आला. छपाई नुकतीच युरोपात पसरत होती, ट्रेंटच्या बिशपने ही नवी चीज बरोब्बर ओळखली आणि त्याच वर्षी त्या शहरातल्या पहिल्यावहिल्या छापील मजकुरात ही गोष्ट चित्रांसकट बाहेर पडली. चौकशी अहवाल हस्तलिखित, मोजक्या लोकांनी वाचलेला. थाप छापील, सचित्र, स्वस्त. कोण जिंकलं असेल? त्या मुलाला हुतात्मा म्हणून पुजलं जायला लागलं आणि चर्चने ती पूजा अधिकृतपणे थांबवली 1965 मध्ये. जवळपास पाचशे वर्षं.

ज्यू धर्मात रक्त खाणं निषिद्ध आहे हो. मटणसुद्धा मिठात ठेवून त्यातलं रक्त काढून मग शिजवतात. हे आपल्याला कळायला युरोपात जायला नको, अलिबाग-पेणकडच्या कुठल्याही बेने इस्राएली, म्हणजे आपल्या मराठी ज्यू, घरातल्या आजीने सांगितलं असतं. मटणात दूधदही नाही, नारळाचं दूध चालतं, मासळी खवल्यांची, आणि रक्ताचा थेंब नाही.

त्यानंतरचं वळण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ते गोव्यापर्यंत येतं. धर्माचा द्वेष असेल तर त्याला एक पळवाट असते, धर्म बदला. स्पेनमध्ये 1391 च्या दंगलींनंतर हजारो ज्यूंनी बाप्तिस्मा घेतला. मग काय, आता तर ते ख्रिश्चन झाले, नोकऱ्या, पदं, लग्नं, सगळं मिळायला लागलं. तेच खुपलं. 1449 मध्ये टोलेडो शहराने नियम केला की ज्यांच्या पूर्वजांत ज्यू आहेत त्यांना सरकारी पद नाही, मग ते कितीही भक्तिभावाने चर्चला जावोत. त्यावेळच्या पोपने याचा निषेध केला, पण रक्ताच्या शुद्धतेचा हा विचार पसरत गेला आणि नंतर धर्मसंघ, विद्यापीठं, सगळीकडे घराण्याचे दाखले मागायला लागले. म्हणजे आता धर्म बदलूनही उपयोग नाही, जन्मच आडवा येणार. जात म्हणजे काय हे ज्यांना समजावून सांगावं लागत नाही अशा आपल्या वाचकांना हे एका वाक्यात कळेल. 1492 ला स्पेनने उरलेल्या ज्यूंना हाकललं, त्यातले बरेच पोर्तुगालला गेले, तिथे 1497 ला त्यांना जबरदस्तीने ख्रिश्चन केलं.

अशाच एका हाकललेल्या घरातला मुलगा म्हणजे गार्सिया द ऑर्ता. डॉक्टर. 1534 मध्ये गोव्याला आला, व्हाइसरॉयपासून अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहापर्यंत सगळ्यांना औषधं दिली, मुंबई बेटसुद्धा काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. 1563 मध्ये त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर पोर्तुगीजमध्ये पुस्तक लिहून गोव्यातच छापून घेतलं, हिंग, हळद, नारळ, आंबा, पटकीचं दुखणं, सगळं त्यात आहे आणि गोव्यात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. 1568 ला तो गेला. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट न पाळणाऱ्यांना हुडकून शिक्षा करणारं चर्चचं कोर्ट, 1560 पासून बसलेलं होतंच. 1569 मध्ये त्याच्या बहिणीला, कातारिनाला, चोरून ज्यू धर्म पाळते म्हणून जिवंत जाळलं, आणि तिच्याकडून वदवून घेतलं की भाऊही तसाच होता. पण तो तर मेलेला. मग 1580 मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि ती जाळली. आज पणजीत चर्चच्या जवळच त्याच्या नावाची बाग आहे, लोक तिथे संध्याकाळी बसतात. मराठी-कोकणी वाचकाला ज्यूद्वेष म्हणजे काय हे सांगायचं असेल तर बर्लिनपासून कशाला सुरुवात करायची, पणजीच्या बागेपासून करा की.

मार्टिन ल्यूथरबद्दल दोन ओळी पुरे. तरुणपणी 1523 मध्ये ज्यूंशी चांगलं वागा म्हणाला, कारण त्याला वाटत होतं ते आता आपल्या पंथात येतील, ते आले नाहीत आणि 1543 मध्ये त्याने त्यांची सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळं, जाळा, घरं पाडा, पुस्तकं काढून घ्या असं सांगणारं पुस्तक छापलं. हे लक्षात ठेवा, खाली परत येणारे.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर 1791 मध्ये फ्रान्सच्या ज्यूंना समान नागरिकत्व मिळालं, मग हळूहळू इतरत्रही. आता शिकल्यासवरल्या माणसाने विहिरीतलं विष आणि मुलाचं रक्त यावर बोलणं शोभेना. तेव्हा बाजारात सायन्स आलं. आमचा तुमच्या धर्मावर आक्षेप नाही हो, तुमचा वंश वेगळा आहे, आणि तो आमच्या राष्ट्राला पोखरतोय. 1879 मध्ये विल्हेल्म मार नावाच्या जर्मन पत्रकाराने या नव्या द्वेषाची चक्क संघटना काढली, उघड नाव देऊन, लाजबिज न बाळगता. त्याच वर्षी बर्लिन विद्यापीठातल्या ट्राइच्के नावाच्या बड्या इतिहासाच्या प्राध्यापकाने एका प्रतिष्ठित मासिकात लिहिलं की ज्यू हे आमचं दुर्दैव आहे. त्याच विद्यापीठातल्या मॉमसेन या इतिहासकाराने त्याला जाहीर विरोध केला हेही सांगायला हवं, सगळेच गप्प नव्हते. पण मार सारखा माणूस बोलतो तेव्हा तो चक्रम ठरतो आणि प्रोफेसर बोलतो तेव्हा ते 'मत' होतं, हा फरक तुमच्या व्यवसायातल्या लोकांनी तरी ओळखावा.

फ्रान्समध्ये 1894 ला कॅप्टन ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला दुसऱ्यानेच लिहिलेल्या कागदावरून हेरगिरीसाठी दोषी धरलं. तिथे मात्र छापील कागद एकदा उलट्या बाजूने कामाला आला, कादंबरीकार एमिल झोलाने जानेवारी 1898 मध्ये राष्ट्राध्यक्षांना उद्देशून पेपरात पान भरून खुलं पत्र लिहिलं आणि देश हादरला. ड्रेफस पूर्ण निर्दोष सुटायला तरीही 1906 उजाडलं.

एक प्रश्न मला कायम पडायचा की एकाच माणसाला तुम्ही बँकवाला भांडवलदार पण म्हणता आणि कम्युनिस्ट क्रांतिकारक पण म्हणता, हे दोन्ही एकदम कसं? याचं उत्तर कटाच्या थिअरीत आहे. दोन्हीकडून तेच आहेत, पडद्याआडून सगळं तेच हलवतात, मग विसंगती उरतच नाही. याचं बायबल म्हणजे 'प्रोटोकॉल्स' नावाची बनावट पुस्तिका, ज्यात म्हणे ज्यू म्हाताऱ्यांच्या गुप्त बैठकीत जग जिंकायचा प्लॅन ठरतो. ती पहिल्यांदा 1903 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या एका पेपरात छापली गेली, संपादकाचं नाव क्रुशेवान. याच माणसाचा दुसरा एक पेपर तेव्हाच्या रशियातल्या किशिनेव्ह शहरात निघायचा, आणि त्याच वर्षी त्या पेपराने एका मुलाच्या खुनाचं खापर ज्यूंवर फोडून, तीच जुनी रक्ताची थाप, लोकांना इतकं पेटवलं की ईस्टरला दंगल होऊन 49 ज्यू मारले गेले. म्हणजे मध्ययुगातला माल आणि विसाव्या शतकातला माल, दोन्ही एकाच दुकानात, एकाच मालकाकडे.

1921 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'च्या बातमीदाराने पुराव्यानिशी दाखवून दिलं की ही पुस्तिका चोरीची आहे. मोरिस जोली नावाच्या फ्रेंच वकिलाने 1864 मध्ये तिसऱ्या नेपोलियनची टर उडवणारं पुस्तक लिहिलं होतं, त्यातले उतारेच्या उतारे उचललेले. मूळ पुस्तकात ज्यूंचा विषयच नाही. टाइम्सने दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापले, शेंबड्या पोराला कळेल असे. फरक पडला? अमेरिकेत हेन्री फोर्डने, हो गाड्यांवाला, आपल्या साप्ताहिकातून 1920 पासून हेच चालवलं होतं, शेवटी 1927 मध्ये माफी मागितली, पण तोवर त्या लेखांची पुस्तकं होऊन जर्मनीत पोचलेली. आणि हिटलर 1925 मध्ये 'माइन काम्फ'मध्ये काय म्हणतो? की अमुक पेपर या प्रोटोकॉल्सना बनावट म्हणून ओरडतोय हाच ते अस्सल असल्याचा सर्वात मोठा पुरावा. तुमच्या स्टॉलवरच्या प्रतीत हे वाक्य आहे, आणि त्याच्याखाली एकही टीप नाही. हल्लीच्या फॉरवर्डमध्ये 'मीडिया तुम्हाला हे सांगणार नाही' असतं ना, तेच ते.

ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे नाझींचे 1935 चे न्युरेम्बर्ग कायदे आले तेव्हा या वंशाच्या सायन्सचीही फजिती झाली, कारण ज्यू रक्त ओळखायची कुठली टेस्टच नव्हती. मग ठरलं की चारपैकी तीन आजी-आजोबा ज्यू असले तर माणूस ज्यू, आणि आजोबा ज्यू हे कसं ठरवायचं, तर ते कुठल्या धर्माच्या रजिस्टरमध्ये होते त्यावरून. गावोगावचे पाद्री बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या काढून दाखले देत बसले. शेवटी सायन्स परत धर्माच्याच दारात.

पुढचं सगळ्यांना ऐकून माहीत असतं, 60 लाख, आउशवित्झ. मी एकच आकडा देते, कीव्हजवळच्या बाबी यार घळीत 29 आणि 30 सप्टेंबर 1941 या दोन दिवसांत 33,771 ज्यूंना गोळ्या घातल्या, हा आकडा मारणाऱ्यांनीच हिशोब ठेवून वर कळवलेला आहे.

आता ज्याच्यासाठी हे पत्र तुम्हाला लिहितेय तो माणूस. युलियुस श्ट्रायशर. न्युरेम्बर्गचा, आणि धंद्याने तुमच्यातला, संपादक-प्रकाशक. 1923 पासून 'डेर श्ट्युर्मर' नावाचं साप्ताहिक काढायचा. चौकाचौकांत, बसस्टॉपवर काचेच्या पेट्यांमध्ये ते लावलेलं असायचं, फुकट वाचा. पहिल्या पानाच्या तळाशी दर अंकात त्या बर्लिनच्या प्रोफेसरचं वाक्य, ज्यू हे आमचं दुर्दैव आहे. मे 1934 मध्ये त्याने खास अंक काढला, विषय मुलांच्या रक्ताचा, तीच ट्रेंटची थाप. लहान मुलांसाठी रंगीत चित्रांची पुस्तकंही काढली. तो काही काळ त्या भागाचा नाझी पुढारी होता पण 1940 मध्ये त्याला बाजूला केलं, युद्धाच्या आखणीत तो नव्हता, छळछावण्या तो चालवत नव्हता. युद्धानंतर नाझी पुढाऱ्यांवर चाललेल्या न्युरेम्बर्ग खटल्यात युद्धाच्या कटाच्या आरोपातून तो सुटलासुद्धा. त्याला 16 ऑक्टोबर 1946 ला फाशी दिलं ते त्याने जे छापलं त्यासाठी, लोकांच्या डोक्यात वर्षानुवर्षं विष ओतल्यासाठी आणि कत्तल चालू आहे हे माहीत असतानाही ओतत राहिल्यासाठी. कोर्टात तो म्हणाला की आज मार्टिन ल्यूथर असता तर तोही माझ्या शेजारी आरोपी म्हणून बसला असता. ल्यूथरचं 1543 चं पुस्तक होतंच.

मी तुम्हाला श्ट्रायशर म्हणत नाहीये, उगाच अंगावर येऊ नका. तुम्ही धंदा करताय, तो द्वेष करत होता. पण 'आम्ही काय, नुसतं छापतो' हे वाक्य त्या खटल्यानंतर इतक्या सहजपणे बोलता येत नाही एवढंच.

युद्धानंतर हे संपलं असं प्रस्तावनेत लिहू नका बरं का. पोलंडमध्ये किएल्त्से गावात जुलै 1946 मध्ये, छावण्या उघडून जेमतेम वर्ष झालं होतं, आठेक वर्षांचा एक मुलगा घरी न सांगता दुसऱ्या गावी गेला आणि परत आल्यावर म्हणाला मला ज्यूंनी तळघरात कोंडलं होतं. छावण्यांतून वाचून आलेले लोक त्या इमारतीत राहत होते. चाळीसवर ज्यू मारले गेले. त्या इमारतीला तळघर नव्हतं. पुढे स्टालिनच्या राज्यात समाजवादाच्या भाषेत तेच, 'मुळं नसलेले कॉस्मोपॉलिटन', जानेवारी 1953 मध्ये ज्यू डॉक्टर नेत्यांना विष घालतायत असा बनाव, स्टालिन मार्चमध्ये मेला म्हणून ते वाचले. मग हे सगळं घडलंच नाही म्हणणारे निघाले. 2018 मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये 11 जणांना मारणाऱ्याचं म्हणणं होतं की ज्यू लोक बाहेरचे निर्वासित देशात घुसवतायत. विहिरीतलं विष, फक्त विहीर बदलली.

इस्राएल-पॅलेस्टाइनचा मुद्दा टाळता येणार नाही, वाचक विचारणारच. माझं मत स्पष्ट आहे, इस्राएल सरकारने गाझात जे केलं त्यावर कडक टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष नाही, अनेक ज्यूही ती करतात, आणि ज्यूद्वेषाचा शिक्का मारून ती टीका दाबणं चूकच. पण 2008 च्या 26 नोव्हेंबरला कुलाब्याच्या नरिमन हाउसवरच्या दहशतवादी हल्ल्यात रबाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, त्यांची बायको आणि त्यांचे पाहुणे मारले गेले ते कुठल्या सरकारचं धोरण ठरवत नव्हते. त्यांचं दोन वर्षांचं मूल सांभाळणाऱ्या बाईने, सँड्रा सॅम्युएल यांनी, उचलून बाहेर आणलं. देशाच्या धोरणाचा राग जगातल्या कुठल्याही ज्यूवर काढायचा, तिथे रेषा ओलांडली.

आणि शेवटी आपलं घरचं. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, पेणकर, दिवेकर, रोहेकर, मराठीत कीर्तन करणारे ज्यू, यांना इथे शेकडो वर्षांत कोणी विहिरीत विष टाकता म्हणालं नाही. मुंबईत 1796 पासून त्यांचं सिनेगॉग आहे. पुण्याचं लाल देऊळ बांधणारे ससून बगदादच्या सुभेदाराच्या जाचाला कंटाळून इकडे आले. आकाशवाणीची ती सकाळची धून ज्याच्या नावावर सांगतात तो वॉल्टर कॉफमन, मध्य युरोपातला ज्यू, 1934 मध्ये मुंबईला आला. अशा समाजाच्या भाषेत हे पुस्तक बिनटिपांचं खपतंय याची मला लाज वाटते. 2006 मध्ये खारघरला हिटलरच्या नावाने हॉटेल निघालं होतं, मुंबईच्या ज्यूंनी जाऊन समजावलं तेव्हा नाव बदललं. त्यांनी किती वेळा समजावत फिरायचं?

ज्यांना हिटलर आवडतो तो देशभक्त होता म्हणून, त्यांच्यासाठी प्रस्तावनेत एक परिच्छेद वेगळा ठेवा. याच पुस्तकात तो आपल्या स्वातंत्र्यसैनिकांची टिंगल करतो आणि भारत इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा असं म्हणतो. मे 1942 मध्ये सुभाषबाबू त्याला भेटले तेव्हा त्यांनी हा मजकूर काढा असं तोंडावर सांगितलं, त्याने उडवाउडवी केली.

तर मागणी अशी. पुढच्या आवृत्तीत सोळा पानं वाढवा, इतिहासाचा अभ्यास असलेल्या माणसाकडून लिहून घ्या, मानधन द्या त्याला, फुकट नका मागू. प्रोटोकॉल्सच्या पानावर आणि भारताबद्दलच्या पानावर तरी तळटीप टाका. प्रदर्शनात पुस्तक इतिहासाच्या टेबलावर ठेवा. फुटपाथवाल्यांना हे जमणार नाही, त्यांच्याकडे येतो तो बहुतेक पायरेटेड माल, पण मूळ प्रकाशकाच्या प्रतीत असेल तर त्यांच्या झेरॉक्समध्येही आपोआप येईल. प्रुफं मी तपासून देईन, एक पैसा नको. आणि ते सगळं होईपर्यंत निदान मलपृष्ठावरचा 'प्रेरणादायी' शब्द तेवढा उडवा, त्याला तर नवीन आवृत्तीचीही गरज नाही, एक स्टिकर पुरे.

कळावे,
तुमचीच एक जुनी गिऱ्हाईक